सिएटलचा मानवी हक्क आयोग : 'ऐक्या'कडून 'हक्का'कडे (१९४४ ते २०२३)

प्रस्तावना

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्याचा विचार करताना अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर सहसा दक्षिणेकडील राज्ये उभी राहतात. माँटगोमेरीचा बस-बहिष्कार, बर्मिंगहॅममधील निदर्शने, सेल्माचा मोर्चा या घटना आता शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचल्या आहेत. उत्तरेकडील आणि पश्चिम किनाऱ्यावरील शहरांत मात्र हा लढा वेगळ्या रीतीने लढला गेला. तेथे वर्णभेद कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. तो घराच्या खरेदीखतात, बँकेच्या कर्जविभागात आणि कामगार संघटनेच्या सदस्यत्वाच्या नियमांत होता. त्याच्याशी झुंजण्यासाठी या शहरांनी एक खास साधन निर्माण केले. महापौराने किंवा नगर परिषदेने नेमलेली, विनावेतन काम करणाऱ्या नागरिकांची समिती, असे त्याचे स्वरूप होते. तिला कधी 'वंशसंबंध समिती', कधी 'ऐक्य समिती', कधी 'मानवी संबंध आयोग', तर कधी 'मानवी हक्क आयोग' असे नाव मिळाले.

नावांतील हा बदल वरवरचा नाही. 'संबंध' सुधारावयाचे असतील तर दोन्ही पक्षांनी समजुतीने घ्यावे लागते. 'हक्क' द्यावयाचा असेल तर एका पक्षाला कायद्याने बांधावे लागते. वॉशिंग्टन राज्यातील सिएटल या शहराने हे अंतर सुमारे पाव शतकात कापले. त्यात एक सार्वमत गमावले गेले आणि दोन ठिय्या आंदोलने झाली. प्रस्तुत लेखात त्या प्रवासाचा मागोवा घेतला आहे. हा प्रवास २०२३ मध्ये अनपेक्षितपणे जातीच्या प्रश्नाशी येऊन पोहोचला, हे मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे आणखी एक महत्त्व होय.

दंगलीच्या भीतीतून जन्मलेली संस्था

अशा समित्यांचे मूळ शिकागोमध्ये सापडते. २७ जुलै १९१९ रोजी मिशिगन सरोवरात पोहणारा एक कृष्णवर्णीय मुलगा अदृश्य वर्णरेषा ओलांडून 'गोऱ्यांच्या' किनाऱ्याकडे गेला. त्याच्यावर दगडफेक झाली आणि तो बुडून मरण पावला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मारली गेली. त्यांत २३ कृष्णवर्णीय व १५ गोरे होते. इलिनॉयचे गव्हर्नर फ्रँक लाउडन यांनी सहा गोऱ्या व सहा कृष्णवर्णीय सदस्यांचा आयोग नेमला. १९२२ साली प्रसिद्ध झालेला त्याचा अहवाल समाजशास्त्राच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो. त्याच्या संशोधनात आणि लेखनात चार्ल्स एस. जॉन्सन या तरुण कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. अहवालाने दंगलीची कारणे घरटंचाई, रोजगार आणि पोलिसांचे वर्तन यांत शोधली. शिफारशी मात्र बहुतांशी कागदावरच राहिल्या.

दुसरी लाट १९४३ साली आली. युद्धसाहित्याच्या कारखान्यांत काम मिळविण्यासाठी लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे दक्षिणेतून औद्योगिक शहरांकडे निघाली होती. त्या वर्षीच्या जूनमध्ये डेट्रॉइट येथे झालेल्या दंगलीत ३४ जण ठार झाले आणि लष्कराला पाचारण करावे लागले. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन तरुणांवर हल्ले झाले व ऑगस्टमध्ये हार्लेम पेटले. लोकशाहीच्या रक्षणासाठी लढणाऱ्या राष्ट्राला ही दृश्ये लाजिरवाणी होती आणि कारखाने बंद पडणे तर परवडणारेच नव्हते. शिकागोच्या महापौरांनी जुलै १९४३ मध्ये वंशसंबंध समिती नेमली. पाठोपाठ अनेक शहरांनी तसेच केले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या समित्यांच्या जन्मामागे न्यायबुद्धीपेक्षा भीती अधिक होती. 'आपल्या शहराचे डेट्रॉइट होऊ नये' हा त्यांचा मूळ हेतू. म्हणूनच त्यांत बँकर, धर्मगुरू, प्राध्यापक, संपादक अशा प्रतिष्ठितांचा भरणा असे आणि कामाची पद्धत पडद्याआडच्या मध्यस्थीची असे.

सिएटल : युद्धकाळ आणि नागरी ऐक्य समिती

सिएटलमध्ये १९४० साली कृष्णवर्णीयांची संख्या अवघी ३,७८९ होती. १९५० पर्यंत ती १५,६६६ झाली. दहा वर्षांत चौपटीहून अधिक झालेली ही वाढ मुख्यतः बोईंगचा विमान कारखाना व जहाजबांधणीची गोदी यांमुळे घडली. बोईंगमध्ये यंत्रकामगारांच्या संघटनेचे सदस्यत्व कृष्णवर्णीयांना नाकारले जात असे. युद्धकाळातील मनुष्यबळाच्या टंचाईमुळे आणि केंद्र सरकारच्या दबावामुळे १९४२ पासून हे दार किलकिले झाले.

मात्र सिएटलमधील वंशप्रश्न केवळ गोरे आणि कृष्णवर्णीय असा दुपदरी कधीच नव्हता. पॅसिफिक महासागराकडे तोंड करून उभ्या असलेल्या या शहरात चिनी, जपानी व फिलिपिनो वस्ती जुनी होती. सिएटलच्या उत्तरेस असलेल्या बेलिंगहॅम येथून ४ सप्टेंबर १९०७ रोजी लाकूड-कारखान्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांना जमावाने हुसकावून लावले होते. भारतीयांनाही या प्रदेशातील वंशद्वेषाचा अनुभव अशा रीतीने फार पूर्वीच आला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या पूर्वसंध्येस सिएटलमध्ये सुमारे ७,००० जपानी वंशाचे लोक राहत होते आणि त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. फेब्रुवारी १९४२ मधील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर त्यांना घरेदारे सोडावी लागली. आधी पुयालप येथील जत्रेच्या मैदानावर व नंतर आयडाहो राज्यातील मिनिडोका छावणीत त्यांची रवानगी झाली.

या पार्श्वभूमीवर महापौर विल्यम डेव्हिन यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये 'नागरी ऐक्य समिती' स्थापन केली. अमेरिकन महापौर लोकांनी थेट निवडलेला व कार्यकारी अधिकार असलेला असतो. आपल्याकडील महापौरपदाशी त्याची तुलना करणे योग्य होणार नाही. असे असूनही डेव्हिन यांनी समितीला कोणताही कायदेशीर अधिकार दिला नाही. अफवांचा तपास करणे, तणाव असलेल्या ठिकाणी आगाऊ पोहोचणे, दुकानदार, मालक व पोलीस यांच्याशी बोलणे, एवढेच तिचे काम होते.

समितीची खरी कसोटी १९४५ च्या जानेवारीत लागली. जपानी-अमेरिकनांवरील किनारपट्टी-बंदी उठली आणि कुटुंबे परतू लागली. त्यांना घरे मिळेनात. त्यांच्या शेतमालावर बहिष्काराची भाषा सुरू झाली. परतणाऱ्यांच्या विरोधात उघडपणे संघटना उभ्या राहिल्या. या काळात समितीने केलेली मध्यस्थी मोलाची होती आणि शहरात मोठा हिंसाचार झाला नाही, हे श्रेय तिला काही अंशी द्यावेच लागेल. परंतु शांतता टिकली म्हणजे न्याय झाला असे होत नाही. परतलेल्यांपैकी अनेकांची दुकाने व घरे कायमची गेली होती आणि त्याबाबत समिती काहीही करू शकत नव्हती.

खरेदीखतातील ओळ

सिएटलमधील भेदभावाचे सर्वांत टिकाऊ साधन म्हणजे घरांच्या खरेदीखतातील वंशनिर्बंधाची अट. १९२० च्या दशकापासून अनेक वस्त्यांच्या दस्तऐवजांत अशी अट घातली गेली की, ही मालमत्ता ज्यू, 'इथिओपियन', 'मलय' अथवा कोणत्याही आशियाई वंशाच्या व्यक्तीस विकता किंवा भाड्याने देता येणार नाही. 'घरकामाचे नोकर वगळून' असा अपवादही कित्येकदा जोडलेला असे. मालकाच्या घरात राबण्यास हरकत नाही, शेजारी म्हणून नको, असा त्याचा सरळ अर्थ. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधन प्रकल्पाने असे शेकडो दस्तऐवज उजेडात आणले आहेत.

१९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'शेली विरुद्ध क्रेमर' खटल्यात अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांना करता येणार नाही, असा निर्णय दिला. पण अट लिहिण्यास बंदी झाली नव्हती. शिवाय घरमालक, दलाल आणि बँका यांच्यातील अलिखित समजुतीला कोणताही कागद लागत नव्हता. परिणामी १९६० मध्ये शहरातील २६,९०१ कृष्णवर्णीयांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक 'सेंट्रल डिस्ट्रिक्ट' या एकाच भागात कोंडले गेले होते. शाळा वस्तीनुसार ठरत असल्यामुळे शाळाही आपोआप विभागल्या गेल्या.

राज्यस्तरावर प्रयत्न झाले. वॉशिंग्टन राज्याने १९४९ मध्ये रोजगारातील भेदभावाविरुद्ध कायदा केला. १९५७ मध्ये सरकारी साहाय्याने मिळालेल्या कर्जावरील घरांनाही तो लागू करण्यात आला. १९६१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ओ'मेरा' खटल्यात ही तरतूद रद्द ठरविली. सरकारी हमीचे कर्ज असलेला घरमालक आणि तसे कर्ज नसलेला घरमालक यांच्यात कायद्याने भेद केला, हे त्याचे कारण. भेदभाव रोखणारा कायदा भेदभावाच्या आरोपावरूनच कोसळावा, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे. यानंतर लढाईचे मैदान राज्याकडून शहराकडे सरकले.

जुलै १९६३

महापौर गॉर्डन क्लिंटन यांनी नेमलेल्या अल्पसंख्याक-गृहनिर्माणविषयक नागरिक समितीने डिसेंबर १९६२ मध्ये शिफारस केली की, घरांच्या विक्रीत व भाड्यात वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा नगर परिषदेने करावा. येथे संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. अशा कायद्यास वृत्तपत्रांत 'अध्यादेश' म्हटले जाते. परंतु भारतीय अर्थाने अध्यादेश म्हणजे विधिमंडळाचे अधिवेशन नसताना काढलेला तात्पुरता आदेश. सिएटलचा कायदा निवडून आलेल्या नगरसेवकांनी मतदानाने संमत केलेला व कायमस्वरूपी असतो. म्हणून येथे 'नगरकायदा' हा शब्द योजला आहे.

नगर परिषदेने शिफारशीवर सहा महिने काहीच केले नाही. चर्चमधून संघटित झालेल्या कृष्णवर्णीय समाजाचा संयम संपला. १ जुलै १९६३ रोजी सुमारे ४०० लोकांचा मोर्चा नगरभवनावर गेला आणि सेंट्रल डिस्ट्रिक्टमधील युवक मंडळाच्या सुमारे ३५ तरुणांनी महापौरांच्या कार्यालयात ठाण मांडले. हा ठिय्या जवळपास २४ तास चालला. त्यानंतर चक्रे विलक्षण वेगाने फिरली. १७ जुलै रोजी नगर परिषदेने १२ सदस्यांचा मानवी हक्क आयोग स्थापन केला आणि घरांविषयीच्या कायद्याचा मसुदा तयार करण्याचे काम त्याच्यावर सोपविले.

म्हणजे हा आयोग आंदोलनाने मिळविला, हे निर्विवाद. पण तो आंदोलनावर टाकलेला पडदाही होता. परिषदेला निर्णय टाळावयाचा होता आणि आयोग नेमणे हा तो टाळण्याचा प्रतिष्ठित मार्ग होता. आंदोलकांनी हे तत्काळ ओळखले. बारा सदस्यांत कृष्णवर्णीय केवळ दोन होते. २५ जुलै रोजी परिषदेच्या सभागृहातच दुसरा ठिय्या झाला आणि २३ जणांना अटक करण्यात आली. ज्यांच्या हक्कांसाठी आयोग नेमला, त्यांच्यापैकीच लोक आयोगाच्या रचनेवरून कोठडीत गेले, ही गोष्ट आयोगाच्या स्तुतिपर इतिहासांत सहसा ओझरती येते. खरे पाहता तिच्यावाचून आयोगाचा पुढील स्वभाव समजत नाही.

विशेष असे की, या आयोगाने निमूटपणे वेळ काढला नाही. त्याने काही महिन्यांतच दंडाच्या तरतुदींसह मसुदा सादर केला. परिषदेत त्याची बाजू मांडणाऱ्यांत विंग ल्यूक हे अग्रभागी होते. १९६२ मध्ये निवडून आलेले ल्यूक हे वॉशिंग्टन राज्यातील पहिले आशियाई-अमेरिकन लोकप्रतिनिधी. पुढे १९६५ मध्ये विमान अपघातात त्यांचा अकाली मृत्यू झाला.

मतपेटीचा कौल

नगर परिषदेसमोर दोन पर्याय होते. 'तातडीच्या कलमा'सह कायदा संमत केला असता तर तो त्वरित अमलात येऊन सार्वमताच्या कक्षेबाहेर गेला असता. दुसरा पर्याय म्हणजे मसुदा मतदारांपुढे ठेवणे. परिषदेने दुसरा पर्याय निवडला. १० मार्च १९६४ रोजी मतदान झाले. कायद्याच्या बाजूने ५४,४४८ आणि विरोधात १,१५,६२७ मते पडली. त्याच दिवशी महापौरपदी निवडून आलेले डॉर्म ब्रॅमन हेही या कायद्याचे विरोधक होते.

या पराभवाची कारणे शोधताना केवळ 'वर्णद्वेष' एवढे उत्तर पुरेसे नाही. घरबांधणी व दलाली व्यवसायातील संघटनांनी प्रचाराचा रोख वंशावर न ठेवता मालमत्तेच्या हक्कावर ठेवला. 'माझे घर मी कोणाला विकावे हे सरकारने का ठरवावे?' हा प्रश्न सामान्य गोऱ्या मतदाराला, त्याला स्वतःला वर्णद्वेष्टा न वाटू देता, विरोधी मत देण्याची सोय करून देत होता. एका हक्कापुढे दुसरा हक्क उभा करण्याची ही युक्ती अन्यत्रही यशस्वी झाली. टॅकोमा शहराने त्याआधी महिनाभर असाच कायदा नाकारला होता. नोव्हेंबर १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रस्ताव १४' संमत करून राज्याचा असा कायदाच निष्प्रभ केला. हा प्रस्ताव १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला.

तात्त्विक प्रश्न यापेक्षा खोल आहे. लोकसंख्येत पाच टक्क्यांच्या आसपास असलेल्या समूहाने कोठे राहावे, हे उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांच्या मताने ठरवावे काय? बहुमत हा लोकशाहीचा मार्ग आहे हे खरे. पण अल्पसंख्याकांचे हक्क बहुसंख्याकांच्या इच्छेवर सोडता येत नाहीत, हा विचार भारतीय संविधानसभेतही मांडला गेला होता आणि डॉ. आंबेडकरांनी तो सातत्याने आग्रहाने मांडला. सिएटलच्या परिषदेने निर्णय जनतेवर सोपवून लोकशाहीचा मान राखला असे वरकरणी दिसते. वस्तुतः तिने आपली जबाबदारी झटकली.

१९६४ नंतर आयोग संपला असता तर नवल नव्हते. त्याच्या हाती ना कायदा होता, ना महापौरांचा पाठिंबा. तरीही तो टिकला. या काळात कार्यालयाची धुरा फिलिप हायासाका या जपानी-अमेरिकन अधिकाऱ्याकडे आली. अवघ्या वीस वर्षांपूर्वी ज्या समाजाला शहराने छावणीत जाताना पाहिले होते, त्याच समाजातील व्यक्ती आता शहराच्या वतीने इतरांच्या तक्रारी ऐकत होती. बाहेर चळवळ चालूच होती. मार्च १९६६ च्या अखेरीस शाळांतील विभाजनाविरुद्ध दोन दिवसांचा बहिष्कार झाला आणि हजारो विद्यार्थी चर्च व सभागृहांत भरविलेल्या 'मुक्तिशाळां'त जाऊन बसले. १९६७ मध्ये अर्बन लीगने कृष्णवर्णीय कुटुंबांना गोऱ्या वस्त्यांत घरे मिळवून देण्याचा उपक्रम सुरू केला. त्याच वर्षी सॅम स्मिथ हे सिएटलचे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक म्हणून निवडून आले.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी राष्ट्रीय गृहनिर्माण-समता कायद्यावर स्वाक्षरी केली आणि १९ एप्रिलला सिएटलच्या नगर परिषदेने सॅम स्मिथ यांनी पुढाकार घेतलेला कायदा एकमताने संमत केला. या वेळी त्याला तातडीचे कलम जोडलेले होते. आयोगाने पाच वर्षांपूर्वी जे मागितले होते, ते तत्त्वतः मान्य झाले. शहरांत आगी लागल्यावर मान्य झाले, हे मात्र विसरता येत नाही.

याच वसंतात सिएटलमध्ये ब्लॅक पँथर पक्षाची शाखा निघाली. कॅलिफोर्नियाबाहेरील ती पहिल्या शाखांपैकी एक. आयोगाच्या बैठकांतील सावध भाषेला कंटाळलेली ही पिढी होती. चार वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, ती याच पक्षाच्या नावावरून.

सल्ला, चौकशी आणि अपील

१९६९ मध्ये शहराने मानवी हक्क विभाग हे पगारी कर्मचाऱ्यांचे स्वतंत्र खाते निर्माण केले. तक्रारींची चौकशी खात्याकडे गेली व आयोग सल्लागार राहिला. आजच्या नागरी हक्क कार्यालयाचा हा पूर्वज. वरवर पाहता आयोगाचे महत्त्व येथे घटले. परंतु एक अधिकार त्याच्याकडे राहिला. तक्रारीत पुरेसे तथ्य नाही असा निष्कर्ष कार्यालयाच्या संचालकाने काढल्यास तक्रारदार आयोगाकडे अपील करू शकतो. चाकोरीत काम करणाऱ्या यंत्रणेच्या निर्णयाकडे तिच्या पगारपत्रकावर नसलेले नागरिक पुन्हा एकदा पाहतात, अशी ही व्यवस्था आहे.

आयोगाचे सदस्य आजही विनावेतन काम करतात. काही महापौर नेमतो, काही नगर परिषद, तर काहींची निवड आयोग स्वतः करतो. महिला, अपंग व्यक्ती आणि लैंगिक अल्पसंख्याक यांच्यासाठी कालांतराने असेच वेगळे आयोग स्थापन झाले. स्वयंसेवी स्वरूपाची मर्यादाही उघड आहे. नोकरी सांभाळून सायंकाळच्या बैठकांना येऊ शकणारा नागरिक हा बहुधा सुशिक्षित व स्थिर उत्पन्नाचा असतो. दोन पाळ्यांत राबणाऱ्या कामगाराला ही सेवा परवडत नाही. १९६३ च्या जुलैमध्ये विचारला गेलेला 'आयोगात कोण आहे?' हा प्रश्न अशा रीतीने पुरता मिटलेला नाही.

कायद्याच्या संरक्षणाखाली येणाऱ्या समूहांची यादी मात्र वाढत गेली. १९७३ मध्ये रोजगाराच्या व १९७५ मध्ये घरांच्या बाबतीत लैंगिक कलाचा समावेश झाला. १९७८ साली ही तरतूद रद्द करण्यासाठी नागरिकांच्या सह्यांनी 'प्रस्ताव १३' मतदानास आला आणि सुमारे ६३ टक्के मतदारांनी तो फेटाळला. ज्या शहराने १९६४ मध्ये समतेचा कायदा दोनास एक या प्रमाणाने बुडविला, त्याच शहराने चौदा वर्षांनी अधिक वादग्रस्त समजली जाणारी तरतूद जवळपास तेवढ्याच मताधिक्याने वाचविली. दरम्यान पिढी बदलली होती हे एक कारण. पण कायदा आधी अमलात आला होता आणि त्यामुळे आकाश कोसळले नव्हते, हे मतदारांनी पाहिले होते. १९६४ मध्ये त्यांच्यापुढे केवळ भीती होती, १९७८ मध्ये अनुभव होता.

जात : यादीतील नवा शब्द

एकविसाव्या शतकात सिएटल हे संगणक व्यवसायाचे शहर बनले. ॲमेझॉनचे मुख्यालय शहरात आणि मायक्रोसॉफ्टचे शेजारच्या रेडमंडमध्ये. भारतीय अभियंत्यांची मोठी वस्ती या परिसरात झाली आणि त्यांच्याबरोबर जातही आली. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या शासनाने सिस्को कंपनीतील एका दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून खटला दाखल केला, तेव्हा हा विषय अमेरिकन वृत्तपत्रांत प्रथमच ठळकपणे आला.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटलच्या नगर परिषदेने ६ विरुद्ध १ मतांनी जातिभेदास बंदी घालणारी दुरुस्ती संमत केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्यातला व बालपण मुंबईतले. आपण ब्राह्मण कुटुंबातून आलो हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले होते. आंबेडकरवादी संघटना, काही शीख व मुस्लिम संघटना आणि कामगार कार्यकर्ते पाठिंब्यास उभे राहिले. मतदानानंतर सभागृहात 'जय भीम'च्या घोषणा झाल्या. १९६३ मध्ये परिषदेच्या सभागृहातून आंदोलकांना अटक करून नेले होते. साठ वर्षांनी आंदोलक तेथे निकाल ऐकण्यासाठी आले होते.

विरोधकांचे म्हणणेही नोंदविले पाहिजे. काही हिंदू-अमेरिकन संघटनांचा आक्षेप असा की, वंश, धर्म व राष्ट्रीय मूळ यांवरील प्रचलित बंदीत जातीचा अंतर्भाव होतोच. तिचा वेगळा उल्लेख केल्यास दक्षिण आशियाई समाजाकडे संशयाने पाहिले जाईल. या आक्षेपाचा दुसरा भाग विचारार्ह आहे, विशेषतः बेलिंगहॅमचा इतिहास असलेल्या राज्यात. पहिला भाग मात्र व्यवहारात टिकणारा नाही. एकाच देशाच्या, एकाच धर्माच्या आणि एकाच वर्णाच्या दोन सहकाऱ्यांतील भेदभाव 'राष्ट्रीय मूळ' या सदरात बसविताना तक्रारदाराचीच दमछाक होते. शिवाय तक्रार ऐकणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्याला आडनावावरून, गावावरून वा आहारावरून केलेली चौकशी म्हणजे काय, हे कायद्याने सांगितल्याखेरीज कळण्याचा संभव कमी.

नगरकायद्याची हद्द शहराच्या सीमेवर संपते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. सिएटलमध्ये राहणारा पण रेडमंडमध्ये नोकरी करणारा अभियंता आपल्या कार्यालयातील जातिभेदाबद्दल सिएटलच्या नागरी हक्क कार्यालयाकडे दाद मागू शकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहराने असाच कायदा केला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेल्या राज्यव्यापी विधेयकावर मात्र गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नकाराधिकार वापरला. प्रचलित कायदे पुरेसे आहेत, हे कारण त्यांनी दिले.

सिएटलच्या दुरुस्तीत जातीची व्याख्या केलेली आहे. ती व्याख्या जन्माने मिळणारा दर्जा, अंतर्विवाह आणि रूढी, कायदा वा धर्म यांनी मान्य केलेले सामाजिक अडसर या लक्षणांवर उभी आहे. यांतील अंतर्विवाह हेच जातिसंस्थेचे मर्म होय, असे प्रतिपादन करणारा निबंध भीमराव आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी वाचला होता.